आईच्या मरणाची चौकशी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले, तेव्हा आम्ही बोनस, ग्रॅच्युइटी किंवा गिरणी कामगारांची घरे यांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. त्याच कामात आमचे आयुष्य गेले. पण आज आम्ही विषय निराळा घेतला आहे. आम्ही वैद्यकी शिकलो नाही. जे थोडे कळते ते वाचनालयात बसून आणि डॉक्टर मंडळींना प्रश्न विचारून मिळविले आहे. तेव्हा उणे-अधिक झाल्यास पदरात घ्यावे.

आम्ही बारा-तेरा वर्षांचे असताना आमच्या करी रोडच्या चाळीत, शेजारच्या खोलीतल्या वहिनींना सातवा महिना होता. जिना चढताना त्या मध्येच कठडा धरून उभ्या राहत, हे आम्ही पोरे रोज पाहत होतो. एका संध्याकाळी नळावरून पाणी आणताना त्या खाली बसल्या, आणि टॅक्सी येण्यापूर्वीच सारे आटोपले. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले वेळ भरली. तेरावे झाले आणि बोलणेही थांबले. त्या जिन्यात का थांबत होत्या, हे कोणीच विचारले नाही.

पुढे आम्ही युनियनच्या कामास लागलो. गिरणीत एखाद्याचा हात यंत्रात सापडला की पंचनामा होई, फॅक्टरी इन्स्पेक्टर येई, यंत्राला संरक्षक जाळी होती की नव्हती याची विचारणा होई. तेव्हा आमच्या मनात येई, बोट तुटले तर चौकशी, आणि घरातली बाई पोटातल्या जिवासकट गेली तर ते तिचे नशीब! हा कोठला न्याय?

वास्तविक अशी चौकशी कशी करावी, याचा धडा आपल्याच वस्तीत घालून दिलेला आहे. भारतमाता सिनेमाच्या नाक्यावरून परळकडे चालत गेले की हाफकिन संस्था लागते. 1928 साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला. त्याच वर्षी लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई त्या संस्थेत आल्या. मातांच्या मृत्यूची चौकशी तेथे चालू होती आणि डॉ. मार्गारेट बॅल्फर यांनी त्यांना त्या कामास बोलाविले होते. मुंबईतल्या गरीब बाया, त्यांत गिरणीत राबणाऱ्याही, गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, त्यांना धाप लागे आणि कित्येक दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तर रक्तातल्या तांबड्या पेशी थोड्या, आणि आहेत त्या आकाराने मोठ्या.

विल्सबाई नुसत्या काचेत डोळा लावून बसल्या नाहीत. डॉ. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील बायांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. कोण काय खाते, कोणाच्या ताटात काय पडत नाही, हे त्यांनी विचारले. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांच्यातच हे दुखणे अधिक, असे दिसून आले. मग उंदीर व माकडे यांवर प्रयोग झाले. अखेर मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क देऊन पाहिला, आणि त्या बायांचे रक्त सुधारू लागले. हे 1931 साली प्रसिद्ध झाले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजेच आजचे फॉलिक ॲसिड. 1941 साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले, आणि पुढे अमेरिकेत ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या मंडळींचे नेतृत्व आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी केले. आज गरोदर बाईच्या हाती लोहाबरोबर जी गोळी पडते, तिच्या पाठीमागे परळची ही चौकशी उभी आहे.

यावरून आम्ही एवढेच शिकलो, की मरण अचानक येते, पण त्याचे कारण बहुधा आधीपासून घरात येऊन बसलेले असते.

कारण नेहमी रक्तक्षयच असते असे नाही. लहानपणी ताप येऊन सांधे सुजलेल्या मुलीच्या हृदयाची झडप कधी कधी कायमची अरुंद होते. गरोदरपणी अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते, आणि तो भार त्या हृदयाला पेलत नाही. कधी पायातली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात अडकते. कधी रक्तदाब चढून झटके येतात. धाप लागणे, एकच पाय सुजून दुखणे, डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, या खुणांना कोणी “बाळंतपणात असे व्हायचेच” म्हणू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तरीही मृत्यू ओढवला तर? इंग्लंडात 1952 पासून अशा मृत्यूंची नाव गुप्त ठेवून चौकशी होत आली आहे. केरळात ती 2004 साली सुरू झाली. आपल्या सरकारनेही 2010 साली नियम घालून दिले. गरोदरपणात किंवा त्यानंतर 42 दिवसांत बाई दगावली, तर रुग्णालयाचे कागद तपासावयाचे आणि घरच्यांनाही विचारावयाचे. घरात निर्णयाला किती वेळ गेला, वाटेत किती, आणि दारात पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यास किती? 2018 ते 2020 या काळात देशात लाख जन्मांमागे 97 आणि महाराष्ट्रात 33 माता दगावल्या. पूर्वीच्या मानाने आकडा पुष्कळ उतरला. पण त्या तेहतीस घरांना तो लहान वाटणार नाही.

या चौकशीत गुन्हेगार शोधावयाचा नसतो, हे मात्र ध्यानी धरावे. आमचा अनुभव सांगतो, की शिक्षेची धास्ती पडली की कागद स्वच्छ होतात आणि सत्य नाहीसे होते. गिरणीत शेरा पडे, “कामगाराचा निष्काळजीपणा.” दवाखान्यात तोच शेरा “रुग्णास उशिरा आणले” या रूपाने पडतो. उशीर का झाला, हा प्रश्न तेथूनच सुरू व्हावयास हवा.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. तुमच्या घरी किंवा शेजारी असा प्रसंग आला आणि आरोग्यसेविका विचारपूस करावयास आली, तर दार लावून घेऊ नका. आठवेल ते सांगा. कोणीच आले नाही, तर वॉर्डात जाऊन विचारा. गेलेली बाई परत येणार नाही. पण पुढच्या जिन्यात थांबलेली दुसरी कोणी वाचू शकेल.

आमच्या वहिनींना काय झाले होते, हे आता कधीच कळणार नाही. तेव्हा आम्ही पोर होतो, गप्प राहिलो. आज आपणांपुढे बोललो ते त्या ऋणापोटी.