मुंबई बेटावरील बेने इस्रायल : कुलशोधाची साधने



आजोबांचे आजोबा कोण, हा प्रश्न बहुतेकांना केवळ जिज्ञासेपोटी पडतो. बेने इस्रायल समाजाला मात्र तो एकदा भर कसोटीत विचारला गेला. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने असा निर्देश काढला की, या समाजातील व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. समाजाने या अपमानाविरुद्ध लढा दिला. १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्रायलांच्या बाजूने निःसंदिग्ध कौल दिला. वाद मिटला, परंतु पूर्वजांची नावे शोधावीत कोठे, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर फार मोठ्या प्रमाणात मराठी भाषेत दडलेले आहे.

परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात स्त्रिया व सात पुरुष वाचले. त्यांच्यापासून हा समाज वाढला. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम न करणारे म्हणून हे लोक ‘शनिवार तेली’ ठरले. गावांवरून आडनावे पडली : किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, झिराडचे झिराडकर, रोह्याचे रोहेकर. कुलशोधाचे पहिले साधन हे आडनावच. अठराव्या शतकात ही कुटुंबे नोकरी-धंद्यासाठी समुद्रापलीकडे समोरच दिसणाऱ्या मुंबई बेटावर येऊ लागली. शीवचा बांध १८०५ साली आणि माहीमचा १८४५ साली पुरा होईपर्यंत हे खरोखरीचे बेटच होते.

बेटावरचा शोध प्रार्थनामंदिरापासून आरंभावा. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मांडवी भागात पहिले प्रार्थनामंदिर, ‘शाआर हारहमीम’, उभारले. बोलीत त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत आणि १८४० च्या ‘शाआरे रासोन’ला ‘नवी मशीद’. जुन्या कागदात हा शब्द आढळला की अनोळखी संशोधक गोंधळतो.

नावांचीही तीच गोष्ट. सॅम्युएल दिवेकर हेच समाजी हसाजी दिवेकर होत. सॅम्युएलचा समाजी, इझिकेलचा हसाजी, मोझेसचा मुसाजी, आयझॅकचा इसाजी झाला. पुढे इंग्रजी व्यवहारात आडनाव गळून वडिलांचेच नाव आडनावासारखे लागू लागले. त्यामुळे एकाच घराण्यातील पिता, पुत्र आणि नातू कागदावर तीन निराळ्या कुळांचे भासतात. हा गुंता सोडवायला मराठी नामपद्धतीची जाण असलेला वाचकच हवा.

दुसरे साधन थडग्यांवरील लेखांचे. वरळीची दफनभूमी बेने इस्रायलांची, तर चिंचपोकळीची बगदादी ज्यूंची. हा भेद न जाणता केलेला शोध वाया जातो. बेने इस्रायलांच्या शिळांवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा भेटतात. हिब्रू अक्षरांत दिलेले वर्ष बहुधा हजारांचा आकडा वगळून असते. अक्षरांची बेरीज ६५० आली, तर वर्ष ५६५०. त्या बेरजेत १२४० मिळवले की इसवी सन १८९० येतो. मात्र ज्यू वर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास सुरू होत असल्याने, वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांतील मृत्यू १८८९ मधला समजावा.

तिसरे साधन छापील ग्रंथांचे. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली समाजाचा इंग्रजी इतिहास लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली, तर पुण्यात १८७४ साली छापली गेली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रिबेका रूबेन यांनी समाजाचे वार्षिक संपादिले. अशा पुस्तकांची मुखपृष्ठे, अर्पणपत्रिका आणि नियतकालिकांतील जन्म-विवाह-मृत्यूच्या वार्ता यांतून मुलाच्या नावाशी बापाचे, बापाच्या नावाशी गावाचे नाव जुळते. एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकांत आश्रयदात्यांच्या याद्या छापण्याचा प्रघात होता. त्याही दुर्लक्षू नयेत. त्याआधीच्या काळासाठी मोडी वाचता आली पाहिजे.

रक्ताच्या परीक्षेने हे काम होणार नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. जुन्या परंपरेला त्याने बळ मिळाले. पण जनुके पणजोबांचे नाव सांगत नाहीत. ते सांगतो कागद, शिळा आणि आजीची स्मृती.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे वाढलेल्या नातवंडांना हिब्रू येते, आजीचे मराठी पत्र वाचता येत नाही. दुसरीकडे, लष्कर, रेल्वे आणि टपाल खात्यांतील नोकऱ्यांमुळे हा समाज कराचीपासून अहमदाबादपर्यंत पांगला होता. म्हणून एखाद्या कुळाचा हरवलेला दुवा मुंबईतच सापडेल असे नाही. तो महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या मराठी ग्रंथालयाच्या कपाटात, मुखपृष्ठ गळालेल्या पुस्तकातही असू शकेल. जीर्ण म्हणून ग्रंथ रद्दीत काढण्यापूर्वी त्याचे पहिले आणि शेवटचे पान वाचून पाहावे. शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेला याहून अधिक सांगणे न लगे. दूर देशीच्या कोणा नातवाचे आजोबा त्या पानावर त्याची वाट पाहत असतील.