पन्न्यात वाघ परतले, त्याची गोष्ट

पन्ना म्हटले की आपल्या घरांत छत्रसाल आणि बाजीराव आठवतात. आज मात्र तिथल्या वाघांविषयी बोलतो.

पन्ना व्याघ्र प्रकल्पात शिकारीमुळे वाघ घटत होते. संशोधक रघु चुंडावत इशारे देत होते, पण कागदोपत्री वाघ होतेच. अखेर २००९ मध्ये मान्य करावे लागले की एकही उरला नाही. आम्हीही राज्य शासनाचे नोकर, रकाने भरणारे. मागच्या महिन्याचा आकडा पुढे उतरवणे किती सोपे असते, हे आम्हांला कुणी सांगायला नको. म्हणूनच ही गोष्ट टोचते.

मार्च २००९ मध्ये बांधवगड आणि कान्हा इथून एकेक वाघीण आणली. नर नोव्हेंबरात पेंचहून आला, त्याचे नाव टी-३. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग उद्यानातही हजारो प्राणी असेच बाहेरून आणून सोडले, पण त्याला कुंपण आहे. पन्न्याला कुंपण कुठले! थोड्याच दिवसांत टी-३ दक्षिणेकडे, पेंचच्या दिशेने चालू लागला. बदली झालेल्या माणसाला गावची ओढ लागावी, तसे! सुमारे ७० वनकर्मचारी आणि चार हत्ती महिनाभर त्याचा माग काढत फिरले, जंगल ओलांडून शेतांतून, वस्त्यांजवळून. २५ डिसेंबरला दमोह जिल्ह्यात त्याला बेशुद्ध करून परत आणले. मग क्षेत्र संचालक श्रीनिवास मूर्ती यांच्या लोकांनी वाघिणीचे मूत्र मिळवून जंगलात शिंपडले. हसू नका, त्या वासाने गडी थांबला! १६ एप्रिल २०१० ला बांधवगडच्या वाघिणीला बछडे झाले.

पुढे कान्ह्यात आई गमावलेल्या, माणसांनी वाढवलेल्या वाघिणीही इथे सोडल्या. त्या शिकार शिकल्या, त्यांनाही पिल्ले झाली. आज पन्न्यात पन्नासहून अधिक वाघ आहेत.

आता केन-बेतवा प्रकल्पाचे दौधन धरण याच जंगलात होणार आहे. भूमिपूजन झाले २०२४ मध्ये, तेही २५ डिसेंबरलाच. बुंदेलखंडाला पाणी हवे, हे खरेच. पण जंगलाचा काही भाग बुडेल, आणि टी-३ ची नातवंडे कुठल्या बाजूला चालू लागतील, याचा रकाना कुठल्याच फाइलीत नाही. यावर सरकारी माणसाने माइकवर फार बोलू नये. प्रश्न असतील तर आरतीनंतर प्रसाद घेताना भेटू.