फुकटची सहल आणि फेरविक्रीची कमाई

(खडवली येथील पालक मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे वाढवून)



दहावीचा निकाल लागला की मुले येऊन विचारीत, "सर, आयटीआयला जाऊ की अकरावीला?" अलीकडे या दोन वाटांच्या जोडीला तिसरी वाट आली आहे. "सर, मोबाइलवर प्रवासाची चित्रफीत करून टाकली की हॉटेलवाले फुकट बोलावतात म्हणे. शिवाय घरबसल्या माल विकून महिन्याला बरे पैसे सुटतात. मग कॉलेज कशाला?" या प्रश्नाला हसून उत्तर देता येत नाही, कारण विचारणारा मुलगा आळशी नसतो. घरी पैशाची ओढ असते, आणि त्याला ती दिसत असते. म्हणून आज मी याच विषयावर बोलायचे ठरविले.

दुसऱ्याच्या खर्चाने प्रवास करणे ही काही नवी गोष्ट नव्हे. इब्न बतूता हे नाव आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले आहे. १३२५ साली तो मोरोक्कोतील तंजाहून निघाला आणि १३३३ साली सिंधू नदीवर आला. दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाची रीत अशी होती की परदेशी पाहुण्याने नजराणा दिला म्हणजे सुलतान त्याच्या कितीतरी पट अधिक बक्षीस देई. हे ठाऊक असलेले व्यापारी नव्याने येणाऱ्यांना नजराण्यासाठी घोडे, उंट, कापड आणि रोख रक्कम कर्जाऊ देत, आणि बक्षीस मिळाले की नफ्यासह वसूल करीत. म्हणजे बक्षीस सुलतानाचे, मान पाहुण्याचा आणि खात्रीची कमाई मधल्या व्यापाऱ्याची! इब्न बतूता दिल्लीचा काझी झाला, मोठे वेतन मिळाले, तरीही त्याच्या डोक्यावर पंचावन्न हजार दिनारांचे कर्ज चढले. अखेर ते सुलतानानेच फेडले. पुढे सुलतानाचा वकील म्हणून तो चीनकडे निघाला तेव्हा आपल्या दौलताबाद आणि नंदुरबारवरून गेला आणि मराठ्यांविषयी त्याने लिहूनही ठेवले.

यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. इब्न बतूताने आपली हकिगत मायदेशी परतल्यावर सांगितली. ती १३५५ साली लिहून पूर्ण झाली. त्या वेळी तो तुघलकाच्या पगारावर नव्हता. म्हणून त्याच्या ग्रंथात सुलतानाचे औदार्यही आहे आणि क्रौर्यही आहे. दिल्लीत बसून लिहिले असते तर दुसरी बाजू लिहिण्याची त्याची छाती झाली असती काय? मला वाटते, नाही.

आता आपल्या दारातले उदाहरण घेऊ. खडवली स्टेशनवर पावसाळ्यातल्या रविवारी उतरणारी गर्दी आपण सर्वांनी पाहिली आहे. कल्याण, ठाणे, मुंबईची मुले भातसा नदीवर येतात. आसपास शेतघरे आहेत, राहण्या-जेवण्याची सोय आहे. समजा, तुमच्यापैकी एखाद्याला मालकाने एक दिवस फुकट राहायला बोलावले आणि नदीचे सुंदर चित्रण करायला सांगितले. तुम्ही कराल. हिरवे डोंगर दाखवाल, पुलाखालचे पाणी दाखवाल. पण या पाण्यात तरुण मुले बुडाली आहेत, वर शहापूरकडे जोराचा पाऊस झाला किंवा धरणाचे पाणी सोडले की येथे ऊन असतानाही पात्र भरते, हे त्यात सांगाल काय? फुकट जेवलेल्या माणसाला ते सांगणे जड जाते. आणि न सांगितल्यामुळे परगावचा कोणी मुलगा पाण्यात उतरला तर? आपल्या गावच्या माणसाला नदीचा स्वभाव माहीत आहे. चित्र पाहून येणाऱ्याला तो माहीत नाही.

सरकारनेही या प्रकाराची दखल घेतलेली आहे. ९ जून २०२२ रोजी फसव्या जाहिरातींविरुद्ध केंद्राच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यानुसार ज्याची शिफारस करायची त्याच्याशी आपला काही देण्याघेण्याचा संबंध असेल तर तो स्पष्ट सांगावा लागतो. जानेवारी २०२३ मध्ये आणखी खुलासा झाला. रोख पैसेच नव्हे, तर फुकट वस्तू, सहल, हॉटेलमधला मुक्काम हेही त्यात येते. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. शिवाय १ जुलै २०२२ पासून, व्यवसायाच्या निमित्ताने एकाच देणाऱ्याकडून वर्षात वीस हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या भेटी किंवा सवलती मिळाल्या तर त्यावर दहा टक्के कर आधी कापावा लागतो. मोबाइल वापरून परत केला तर तो लाभ धरत नाहीत, ठेवून घेतला तर धरतात. थोडक्यात, सरकारच्या वहीत फुकटची सहल हे उत्पन्नच आहे.

कार्डाच्या पॉइंटांवर विमानप्रवास हाही असाच एक मोहाचा विषय. अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये नेहमीच्या प्रवाशांसाठी मैल मोजण्याची योजना काढली, आणि ती पद्धत जगभर पसरली. पुढे बँकांनीही ती उचलली. साध्या कार्डावर शंभर रुपये खर्च केले की फार तर पाव रुपयापासून रुपयापर्यंत मोबदला मिळतो. अर्धा रुपया धरा. दहा हजारांचे तिकीट फुकट मिळवायला वीस लाख रुपयांची खरेदी व्हायला हवी! ज्या घरात वर्षाला दोन-तीन लाख येतात त्या घराने ही खरेदी करायची कशी? मग उगाचच खरेदी होते आणि बिल राहून जाते. राहिलेल्या बिलावर महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के व्याज. व्याजापासून दूर राहणारी आपली माणसे पॉइंटांच्या वाटेने नेमकी तेथेच पोहोचतात. ज्याचा खर्च कंपनी भरून देते, जो दर महिन्याला पूर्ण बिल फेडतो, त्याने पॉइंट खुशाल घ्यावेत. ते त्याच्यासाठीच आहेत.

माता-भगिनींना विशेष विनंती करतो. "इतकी माणसे जमवा, तुमचा उमराह फुकट," अशी योजना घेऊन पुष्कळ दलाल फिरतात. यात गुन्हा नाही. सहलीच्या धंद्यात संघनायकाला जागा देण्याची प्रथा जुनी आहे. पण ती जागा आभाळातून येत नाही, बाकीच्यांच्या पैशातून येते. म्हणून ज्या खालेला, ज्या शेजारणीला तुम्ही बरोबर नेता, तिला आधी सांगा की मला यात एक जागा मिळणार आहे. आणि परतीच्या तिकिटाचा क्रमांक, हॉटेलचे नाव आणि हरमपासूनचे अंतर, व्हिसाची प्रत हे सर्व कागदावर घ्या. आयुष्यभराची पुंजी देणाऱ्या म्हातारीने दलालाला पाहिलेलेही नसते. तिने तुमचे तोंड पाहून पैसे दिलेले असतात.

आता फेरविक्री. हा धंदा वाईट आहे असे मी म्हणणार नाही. कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वीचे बंदर, आणि येथले पाणीच व्यापाराचे आहे. शेजारचे उल्हासनगर पाहा. १९४७ नंतर सिंधी निर्वासित लष्करी छावणीच्या बराकीत आले, १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि विकत-विकतच त्या लोकांनी शहर उभे केले.

आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीची आई हा धंदा करते. महिन्यातून दोनदा खडवलीहून शहाडला उतरते, रिक्षाने गजानन मार्केटला जाते, वीस-पंचवीस कुर्त्या आणते आणि आसपासच्या पाड्यांत, गावांत दाखवून विकते. तिची वही मी पाहिली आहे. शाळेतल्या पुष्कळ वह्यांपेक्षा नीट आहे! डाव्या बाजूला खरेदी, भाडे, रिक्षा, चहासुद्धा. उजव्या बाजूला विक्री. आणि शेवटच्या पानावर उधारी. ती सांगते, "सर, कुर्तीवर सत्तर रुपये सुटतात असे दिसते, पण सुटतात चाळीस. दहात एक तरी परत येते, आणि उधारी ईदनंतरच मिळते." या चाळीस रुपयांवर मुलीची बारावीपर्यंतची फी निघाली. तिच्या धंद्याला मी धंदा म्हणतो, कारण माल तिने हाताने पाहिलेला असतो, शिवण उसवली तर बाई तिच्या दारात येते, आणि कोणाला धंद्यात ओढले म्हणून तिला दमडी मिळत नाही.

मोबाइलवर परक्याच्या मालाचे फोटो पाठवून, वर आपला नफा चढवून विकण्याची पद्धत २०१५ साली बंगळूरला निघालेल्या मीशो या कंपनीने घरोघर पोहोचविली. भांडवल लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण माल आपण पाहिलेला नसतो. रंग निराळा निघाला तर शिव्या आपल्याला. जवळ नसलेली वस्तू विकण्याबद्दल आपल्या धर्मशास्त्रात चर्चा आहे, आणि दलालीचा मार्गही त्यात आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आलिमांना विचारावे. मी पडलो शाळामास्तर.

एका फेरविक्रीपासून मात्र मुलांनी दूरच राहावे. ती रेल्वे तिकिटांची. गावातला हुशार मुलगा स्वतःच्या नावच्या खात्यावरून शेजाऱ्यांची उत्तरेकडची तिकिटे काढून देतो आणि तिकिटामागे शंभर-दोनशे घेतो. त्याला वाटते, ही सेवा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे परवान्यावाचून तिकिटांचा धंदा हा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्या मुलाला पुढे पोलीस भरतीला किंवा रेल्वेतच नोकरीला जायचे आहे, त्याच्या नावावर असा खटला पडणे परवडेल काय?

आणि आता सर्वांत वाईट प्रकाराकडे येतो. त्यात सहलही असते आणि फेरविक्रीही असते. माझा एक माजी विद्यार्थी अशाच एका योजनेत गेला. मोठ्या हॉटेलात सभा, टाय घातलेले वक्ते, पडद्यावर सिंगापूर. इतका माल खपवा, इतकी माणसे जोडा, सहल आमच्याकडून. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची फी त्याने त्यात घातली. वर्षाअखेर उद्दिष्टाला माल कमी पडला, तेव्हा उरलेला त्याने स्वतःच विकत घेतला. आईच्या बांगड्या गहाण ठेवून! सहल झाली, फोटो आले. पण घेतलेल्या मालाची किंमत सहलीच्या खर्चाहून जास्त होती, आणि शाम्पू व शक्तिवर्धक भुकटीचे खोके अजून पलंगाखाली आहेत. त्याने ज्यांना जोडले ते त्याचे चुलते, मावसभाऊ आणि वर्गमित्र. आज तो लग्नकार्याला जाण्याचे टाळतो.

विद्यार्थी मित्रहो, येथे गणिताचे पुस्तक उघडा. प्रत्येकाने पाच माणसे जोडायची. ५, २५, १२५, ६२५ ही भूमितीय श्रेढी तुम्हाला ठाऊक आहे. दहा पायऱ्यांची बेरीज करा. ती १,२२,०७,०३० येते. २०११ च्या जनगणनेत पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या संपूर्ण ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. म्हणजे पाळण्यातली मुले धरूनही दहावी पायरी पुरी होत नाही. खालच्या पायरीवर नेहमीच सर्वांत जास्त माणसे असतात, आणि त्यांच्या खाली कोणी नसते.

टोरेसचे प्रकरण आपल्याला लांबचे नाही. २०२४ साली दादरला दुकान निघाले, कल्याणलाही निघाले. मॉइसनाइट नावाचे कृत्रिम खडे विकायचे, आणि वर दर आठवड्याला टक्केवारीने पैसे. आणखी माणसे आणली की वेगळा लाभ. सुरुवातीला पैसे मिळाले, म्हणूनच लोकांनी शेजाऱ्यांना नेले. ६ जानेवारी २०२५ रोजी दादरच्या बंद दारासमोर गर्दी जमली. त्यात भाजी विकणारेही होते.

१९७८ चा एक केंद्रीय कायदा अशा साखळीतल्या पैशाच्या योजनांवर बंदी घालतो. तो फक्त चालविणाऱ्याला धरत नाही, सभासद होणाऱ्यालाही धरतो. २८ डिसेंबर २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनीही साखळी योजनांना मनाई केली आहे. तेव्हा "मी फक्त ओळख करून दिली" हे उत्तर पोलिसांपुढे चालत नाही.

पालकांनो, मुलगा असा एखादा कागद घेऊन घरी आला तर त्याच्यावर ओरडू नका. ओरडलात तर पुढचा कागद तो दाखविणार नाही. त्याला एवढेच विचारा की, माणसे जोडणे आज बंद झाले तर नुसता माल विकून यात किती उरेल? उत्तर वहीत आकड्यांनी लिहायला सांगा. मोबाइलवर प्रवास दाखविण्याची ज्याला खरीच आवड आहे त्याने आपल्या खर्चाने, आपल्या परिसरापासून सुरुवात करावी. टिटवाळ्यापासून कसाऱ्यापर्यंत दाखविण्यासारखे पुष्कळ आहे. भाषा सुधारेल, चित्रणाचे तंत्र येईल, आणि अकरावीचे वर्ग चुकवावे लागणार नाहीत.

शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यानंतर तासभर मी वर्गातच बसतो. योजनेचा कागद, दलालाची पावती, कार्डाचे बिल, जे असेल ते घेऊन या. सही करण्यापूर्वी या. आपण दोघे मिळून आकडे मांडू.