भीती कोणाच्या जिवावर?

(कडा, ता. आष्टी, जि. बीड येथे बचत गटांच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या मेळाव्यात, माहितीपट दाखवण्याआधी केलेलं भाषण. थोडं संक्षिप्त करून.)



भुताच्या सिनेमाचं आपल्या मेळाव्यात काय काम, असा प्रश्न बऱ्याच चेहऱ्यांवर दिसतोय. रेशन, मजुरी, दारूबंदी सोडून हे काय काढलं? पण आज जो माहितीपट दाखवणार आहोत, तो खरं म्हणजे भुताचा नाही. भुताचा सिनेमा तयार होत असताना कामाच्या जागी काय चाललं होतं, ते त्यात दिसतं. कामाची जागा म्हटली की विषय आपला झाला.

आधी आपल्याकडचा सिनेमा घेते. 'तुंबाड' २०१८ साली आला, २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला. इथल्या पोरांनी तो मोबाईलवर पाहिलेला असणार. दिग्दर्शक राही बर्वे. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देतं, पण गोष्टीचा तिच्याशी संबंध नाही. बीज आहे नारायण धारपांच्या 'आजी' या कथेत, आणि धारपांनी ती घेतली स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कथेवरून. अमेरिकेतली म्हातारी कोकणातल्या वाड्यात येऊन बसली, आणि आपल्याला ती जराही परकी वाटली नाही. का वाटली नाही, याचा विचार करा. साखळीने बांधलेली, सडलेली, भुकेली म्हातारी बघून घाबरायची सवय आपल्याला आधीपासूनच आहे. गावात एखादी एकटी म्हातारी असली, तिला मूलबाळ नसलं, की तिच्या नजरेबद्दल काय काय बोललं जातं ते मी तुम्हाला सांगायला नको. मराठवाड्यात भानामतीच्या नावाखाली बायकांचे जे हाल झाले, ते आपण पाहिलेत.

या सिनेमाच्या पडद्यामागची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ती भयंकर आजी कोणा म्हातारीने केलेली नाही. महंमद समद नावाच्या मुलाने केली आहे. विनायकच्या पोराचं, पांडुरंगाचं कामही त्याचंच. चेहऱ्यावर थर चढवून मुलाची म्हातारी केली. म्हणजे जिला बघून आपण डोळ्यांवर हात घेतो, ती बाई तिथे नसतेच. ती घडवलेली असते. पडद्यावर ते रंगाने आणि रबराने करतात, गावात कुजबुजीने. आणि गुप्तधनाच्या हावेपायी काय होतं, ही त्या सिनेमाची गोष्ट आपल्या कायद्यातही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं, अंगातलं भूत काढायचं म्हणून मारणं, एखादी करणी करते असं सांगून तिला त्रास देणं, हे सगळं त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे गटाच्या वहीत लिहून ठेवा.

आता आजच्या माहितीपटाकडे येते. त्याच स्टीफन किंगच्या 'द शायनिंग' या कादंबरीवर स्टॅनली क्युब्रिक या मोठ्या दिग्दर्शकाने सिनेमा काढला. तो १९८० साली आला. गोष्ट साधी आहे. हिवाळ्यात बंद असलेलं डोंगरातलं मोठं हॉटेल राखायला एक माणूस बायको आणि लहान मुलाला घेऊन जातो. बर्फाने रस्ते बंद होतात. त्याचं डोकं फिरतं आणि तो कुऱ्हाड घेऊन दोघांच्या मागे लागतो. हॉटेलात भुतं आहेत म्हणतात. असतील. पण हा माणूस पूर्वी दारू पिऊन घरी आला होता आणि त्याने पोराचा हात निखळवला होता, हे सिनेमात सुरुवातीलाच कळतं. त्याची बायको ती गोष्ट डॉक्टरणीला सांगते, नवऱ्याची बाजू सांभाळत, कसंनुसं हसत. मला सगळ्या सिनेमात भीती वाटली ती तिथे. तसं हसणारी बाई तुमच्यापैकी प्रत्येकीने पाहिलेली आहे.

ते शूटिंग लंडनजवळच्या स्टुडिओत जवळजवळ वर्षभर चाललं. क्युब्रिकची मुलगी व्हिव्हियन तेव्हा सतरा वर्षांची होती. कॅमेरा घेऊन ती सेटवर हिंडत होती. तिचा सुमारे ३५ मिनिटांचा माहितीपट बीबीसीने दाखवला. घरचीच पोर, म्हणून कोणी तिच्यापुढे फारसं आवरून धरलं नाही. त्यामुळे जे दिसायला नको होतं तेही त्यात आलं.

बायकोचं काम करणारी शेली ड्युव्हाल बर्फाच्या देखाव्यात दाराशी उभी आहे. वेळ चुकते. दिग्दर्शक सगळ्यांसमोर तिला झापतो. दुसऱ्या एका ठिकाणी ती आपले गळणारे केस हातात घेऊन दाखवते. आणि तो दिग्दर्शक जवळच्यांना बजावतो की हिची कीव करू नका. पुरुष नटाभोवती मात्र हसणं-खिदळणं, कौतुक. तो मोठा नट होता हे खरं, पण दोघं एकाच सिनेमात राबत होती. शेलीने पुढे मुलाखतीत सांगितलं, की महिनोन् महिने रोज बारा-बारा तास रडण्याचं काम करावं लागलं. आणि एवढं करून पदरात काय? वाईट कामाची थट्टा करणाऱ्या 'रॅझी' नावाच्या पुरस्कारासाठी पहिल्याच वर्षी तिचं नाव गेलं. ते नाव त्यांनी २०२२ साली मागे घेतलं. ती २०२४ मध्ये वारली.

इथे एक गोष्ट मी लपवणार नाही. शेलीने त्या दिग्दर्शकाला राक्षस ठरवलं नाही. त्याच माहितीपटात ती म्हणते की राग यायचा, पण शिकायलाही मिळालं. म्हातारपणीही तिने त्याच्याबद्दल बरंच बोललं. मग आपण कोण तिच्या वतीने रडणार? हा प्रश्न आपल्या कामात नेहमी येतो. पीडित बाई म्हणते, तो तसा वाईट नाही. तिचं म्हणणं खरं मानायचं, आणि तरीही त्या कामाच्या पद्धतीवर बोट ठेवायचं. दोन्ही करता येतं.

कारण त्याच सेटवर दुसरी गोष्टही घडली. त्यात एक लहान मुलगा होता. आपण भीतीच्या सिनेमात काम करतोय हे त्याला कळूच दिलं नाही. घरगुती गोष्ट आहे असं सांगितलं. एका धोक्याच्या दृश्यात त्याच्या जागी बाहुला वापरला. म्हणजे काळजी घ्यायची कशी हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं. बाईच्या बाबतीत ती घ्यावीशी वाटली नाही. "असं पिळल्याशिवाय काम चांगलं उतरत नाही" हे वाक्य त्या मुलाजवळ येऊन खोटं पडतं.

हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे ना? मुकादम हेच म्हणतो. राबवून घेतलं नाही तर ऊस वेळेत कारखान्यावर जाईल का? उचल नवऱ्याच्या हातात, कोयता दोघांचा मिळून एक, आणि पाळीच्या दिवसात खाडा पडला तरी दंड. त्यापायी बीड जिल्ह्यातल्या किती बायकांनी गर्भाशयं काढून घेतली, ते २०१९ साली सगळ्या देशाला कळलं. तुम्हाला ते आधीच माहीत होतं. साखर गोड झाली म्हणून फडात काय घडलं हे कोणी विचारत नाही, आणि सिनेमा गाजला म्हणून सेटवर काय घडलं हेही विचारत नाही.

विचारायला लावलं ते बायकांनीच. केरळात नट्यांनी संघटना केली, सरकारला न्यायमूर्ती हेमांची समिती नेमावी लागली. अहवाल २०१९ च्या अखेरीला दिला आणि लोकांसमोर आला २०२४ च्या ऑगस्टमध्ये. साडेचार वर्षं तो कपाटात होता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा फडालाही लागू आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसं, किंवा तक्रार मालकाविरुद्धच, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तिचा पत्ता आणि फोन आज फळ्यावर लिहिलेला आहे. तो उतरवून घेतल्याशिवाय जेवायला जाऊ नका.

माहितीपट इंग्रजीत आहे. मी मध्ये मध्ये थांबवून सांगत जाईन. केसांचा प्रसंग आला की दोनदा दाखवीन, कारण तो पटकन निघून जातो. लहान पोरं असतील त्यांना अंगणात खेळू द्या. आणि मागच्या बाजूच्या खिडक्या कोणीतरी लावा, उजेड फार येतोय.