ओटा फुटला कोणाचा, अनामत बुडाली कोणाची?

(पळस्पे येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबई-पुणे रस्त्याला गोव्याचा रस्ता जेथे फुटतो, ते हे पळस्पे. वाहनचालक, गोदामांतील हमाल, कारखान्यांतील कंत्राटी कामगार अशा फाट्याभोवती पोटासाठी येतात आणि खोली-स्वयंपाकघर भाड्याने घेऊन राहतात. त्यांच्या वेतनाविषयी आपण बोलतो, कामाच्या तासांविषयी बोलतो. परंतु खोली सोडण्याच्या दिवशी त्यांच्या महिना-दोन महिन्यांच्या कमाईचा निकाल ओट्यापाशी उभे राहून लावला जातो, त्याविषयी मात्र आपण बोलत नाही.

हा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. ओट्याच्या कडप्प्याला चीर गेलेली असते, सिंकखालच्या कपाटाचे प्लायवूड ओलीने फुगलेले असते, भिंतीवर फोडणीचे डाग असतात. घरमालक म्हणतो, ‘‘तुम्ही ओट्यावर नारळ फोडलात.’’ भाडेकरू म्हणतो, ‘‘कडप्प्याखाली आधारच धड नव्हता, आम्ही आलो तेव्हाही चीर होती.’’ खरे कोण बोलतो हे ठरविण्याचे साधन दोघांपाशीही नसते. तरीही वाद मिटतो. अनामत रक्कम ज्याच्या हाती, त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो मिटतो. स्वयंपाकघराच्या भांडणाचे सारे अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे.

अनामत म्हणजे तरी काय? भाडेकरूने घरमालकाला दिलेले ते बिनव्याजी कर्ज होय. समजा, अनामत तीस हजारांची आहे. सहा टक्क्यांनी तिचे वर्षाचे व्याज अठराशे रुपये होते. ते भाडेकरू दरवर्षी मुकाट्याने सोडून देतो. म्हणजे गरीब हा धनको आणि घराचा मालक हा ऋणको. परंतु या व्यवहारात ऋणकोच न्यायाधीशही असतो.

कायदा या बाबतीत अगदीच मुका आहे असे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ सांगते की, भाडेकरूने जागा मिळाली तशी परत करावी. मात्र वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचे कलम १४ तर दुरुस्तीचे कर्तव्य घरमालकावरच टाकते. त्याने ते टाळल्यास किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूला दुरुस्ती करता येते आणि वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंत खर्च वळताही करता येतो.

मग अडते कोठे? तीन ठिकाणी. एक, १९९९ चा कायदा त्याच्या परिशिष्टांत नोंदलेल्या क्षेत्रांपुरताच आहे. शहराची हद्द संपते तेथे पुष्कळदा संरक्षणही संपते. म्हणून आपले गाव त्या यादीत आहे की नाही, हे प्रथम पाहावे. दोन, ही दोन्ही कलमे उलट करार नसेल तरच लागू पडतात. छापील करारातील ‘सर्व दुरुस्त्या राहणाऱ्याने कराव्यात’ ही एक ओळ त्यांना निष्प्रभ करू शकते. तीन, आज बहुतेक करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चे असतात. त्यात राहणारा कायद्याच्या दृष्टीने भाडेकरूच नसतो. कलम १४ चा आधार त्याला मिळत नाही, करारातील शब्द तेवढे उरतात.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा तयार केला. राज्यांनी स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही. निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, ही त्यातील तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु दुरुस्त्यांच्या वाटणीत नळ बदलणे व वीजतारा घरमालकाकडे, तर तोट्या, मोरीची सफाई आणि स्वयंपाकघरातील जोडसामानाची दुरुस्ती भाडेकरूकडे दिली आहे. मोडले कशाने, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. नळ भिंतीत गळतो आणि कपाट त्याखाली कुजते, तेव्हा कारण एकाच्या वाट्याला आणि खर्च दुसऱ्याच्या वाट्याला, असे होऊ शकते. समाजवादी माणसाने नेमके याच ठिकाणी बोट ठेवले पाहिजे.

एक सावधगिरीही हवी. या पट्ट्यातील प्रत्येक घरमालक म्हणजे सावकार नव्हे. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. त्यानंतर पनवेल-उरणच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. भरपाईच्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पाच जण हुतात्मे झाले. शेत गेलेल्या कित्येक कुटुंबांना चार खोल्यांचे भाडे हेच आता पीक आहे. कोणी खरोखरच ओटा फोडून निघून गेला, तर त्यांचेही पीक बुडते. म्हणून आपली मागणी ‘घरमालक नेहमी दोषी’ अशी असता कामा नये. कोणीही आपल्याच खटल्यात न्यायाधीश नसावा, अशी ती असावी.

इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ पासून बहुतांश खासगी भाडेकरारांची अनामत मान्यताप्राप्त योजनेखाली संरक्षित करावी लागते आणि वाद झाल्यास त्रयस्थ निवाडा मिळतो. तेथे घसाराही पाहिला जातो. दहा वर्षे वापरलेल्या ओट्याबद्दल नव्या ओट्याची किंमत वसूल करणे ही भरपाई नव्हे, तो नफा होय. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, जमिनीच्या लिलावातील कैलाशनाथ असोसिएट्स खटल्यात, करार कायद्याच्या कलम ७४ चा अर्थ स्पष्ट केला आहे : नुकसान सिद्ध करता येण्याजोगे असेल, तर ते सिद्ध केले पाहिजे, नुसती रक्कम हाती आहे म्हणून ती जप्त करता येत नाही.

अनामतीवर मर्यादा आणि ती त्रयस्थाकडे ठेवण्याची व्यवस्था, या दोन मागण्या पक्षाने लावून धरल्या पाहिजेत. परंतु कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. खोली घेताना दोघांच्या सह्यांचे पाहणीपत्रक करावे : ओटा, सिंक, तोट्या, टाइल्स, भिंतीची ओल, तारखेसह छायाचित्रे. गळती दिसताच लेखी कळवावे आणि प्रत जपावी. अनामतीची पावती घ्यावी. करार नोंदवावा, १९९९ चा कायदा लागू असलेल्या क्षेत्रात ती जबाबदारी कलम ५५ ने घरमालकावर टाकली आहे आणि नोंदणी नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. खोली सोडताना तेच पत्रक पुन्हा वाचावे, शेजारचा एक कार्यकर्ता साक्षीला उभा राहावा.

हे काम लहान आहे. त्यात मिरवणूक नाही, घोषणा नाहीत. परंतु ज्या मजुराची अनामत अशा एका कागदामुळे परत मिळेल, त्याला संघटना म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही; आणि ज्या घरमालकाला खरे नुकसान भरून मिळेल, तोही पुढच्या भाडेकरूकडे संशयाने पाहणार नाही. फाट्यावरच्या वस्त्यांतून हा कागद घरोघर पोहोचविणे, एवढे काम आजच्या बैठकीने अंगावर घ्यावे.