पाण्याची जागा आणि आपलं मत
(मंडळाच्या सर्वसाधारण सभेतील भाषण)



मी पर्यावरणाचा अभ्यासक नाही. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो, त्यामुळे बोलणार ते जमा-खर्चाच्या भाषेतच. वाढती शहरं आणि बदलतं हवामान हा विषय जगभरचा आहे, पण आपण आपल्या बडोद्यापुरतं बोलू.

ऑगस्ट २०२४ चा पूर इथल्या बहुतेकांनी पाहिला. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, सोसायट्यांच्या आवारात मगरी आल्या. हा पाऊस ज्या कमी दाबाच्या पट्ट्याने पाडला, तो सौराष्ट्र-कच्छवरून पुढे समुद्रात उतरला आणि ३० ऑगस्टला त्याचं ‘असना’ चक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात ऑगस्ट महिन्यात चक्रीवादळ, तेही १९७६ नंतर प्रथमच! हवा एका अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते. मग पाऊस पडतो तेव्हा कोसळतोच. प्रत्येक पावसाचं खापर तापमानवाढीवर फोडू नये हे खरं, पण ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या घरात पाऊस झाला होता, तोही आठवून पाहा. आणि ही हवा तापवणारा बहुतांश कार्बन जगभरच्या शहरांच्याच खात्यावर आहे.

ही झाली जमा. आता खर्च. आलेलं पाणी जमिनीत मुरायचं, तळ्यांत साठायचं, कोतरांत पसरायचं, काँसांतून नदीला मिळायचं. आपण ही सगळी खाती एकेक करून बंद केली. कोतरांत भराव पडले, आवारात फरशी आली. भूखी काँस, रुपारेल काँस ही नावं आपल्या मुलांना तरी माहीत आहेत का? १९०१ साली शहराची वस्ती लाखभर होती, २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांवर गेली. माणसं येणारच, आपले पूर्वजही बाहेरूनच आले होते. माझी तक्रार एवढीच, की माणसांना जागा देताना पाण्याची जागा विकली गेली.

गृहकर्जाच्या फाइलीत आम्ही काय काय तपासतो! टायटल, बिनशेती, रजाचिठ्ठी, सगळ्या वारसांच्या सह्या. पण या जागेवरून पाणी कुठे जायचं, असा रकाना मी वीस वर्षांत पाहिला नाही.

सयाजीराव महाराजांचं आजवा सरोवर १८९२ मध्ये पुरं झालं. ते पिण्याच्या पाण्यासाठी बांधलं, पूर अडवायला नव्हे. आपल्या जयंतीच्या भाषणांत नेहमी ही गल्लत होते. पण तिथलं पाणी नुसत्या उतारावर शहरात येत असे. म्हणजे जमिनीचा उतार कुणीतरी नीट मोजला होता. आज तेवढंही होत नाही.

निवडणूक आली की उमेदवार आपल्याकडे येतात, सभागृहाला ग्रांट देतो म्हणतात, आणि आपण चहा पाजून खूश होतो. यापुढे त्यांना विचारा: तुमच्या वॉर्डात काँस कुठून जाते, जुन्या नकाशात ती किती रुंद आहे आणि आज किती उरली? २०२५ च्या उन्हाळ्यात नदी खोल-रुंद करण्याचं काम झालं, ते चांगलंच. पण नदीपर्यंत पाणी पोचण्याच्या वाटाच बुजलेल्या असतील तर पाणी घरातच शिरणार. आणि हा प्रश्न विचारताना आपल्यातल्या ज्यांनी वाडे बिल्डरला दिले, त्यांनी मागची विहीर बुजवून भिंतीपर्यंत पार्किंग केलं, हेही कुणीतरी आपल्याला विचारेल. उत्तर तयार ठेवा.

मंडळाने वॉर्डवार यादी करावी, असा माझा प्रस्ताव आहे. ज्यांच्या घरी सिटी सर्व्हेचे जुने नकाशे किंवा वाड्यांचे कागद असतील, त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत झेरॉक्स आणून द्यावी. मूळ कागद मात्र कुणाच्या हाती देऊ नका. माझ्याही नाही.