नेब्बिओलोचे नखरे

इटलीच्या वायव्येला, पीडमाँट प्रांतात, आल्बा गावाभोवती लांगेच्या टेकड्या आहेत. लाल वाइनची तीन द्राक्षं तिथं मुख्य : दोल्चेत्तो, बार्बेरा आणि नेब्बिओलो. जगभर नाव झालं ते तिसऱ्याचं, कारण बारोलो ही वाइन त्याचीच. पण या नावात द्राक्षाइतकाच जमिनीचाही वाटा आहे.

नेब्बिओलो मोठं नखरेल. वसंतात ते लवकर फुटतं, त्यामुळे उशिराच्या थंडीचा तडाखा त्याला हमखास. आणि पिकतं सगळ्यांच्या मागून, ऑक्टोबरात, दऱ्यांत धुकं साचू लागल्यावर. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेला, बर्फ आधी वितळणारा उतार त्यालाच द्यायचा. उरलीसुरली जागा इतरांना. दोल्चेत्तो बिचारं थंड उतारावरही वेळेत पिकतं, हाच त्याचा गुन्हा!

बारोलो पेल्यात ओतली की रंग फिकट दिसतो, जुनी असेल तर विटकरी. हिच्यात काय दम असणार, असं वाटतं. पहिल्या घोटालाच हिरड्या कोरड्या पडतात, इतका टॅनिनचा तुरटपणा. वास गुलाबाचा आणि, ऐकून नवल वाटेल, डांबराचा. हा तुरटपणा मुरावा म्हणून बारोलो किमान 38 महिने ठेवावीच लागते; त्यातले 18 लाकडी पिंपात.

पिंप कोणतं, यावरून मात्र घरं फुटली. जुन्यांची पिंपं प्रचंड मोठी. तरुणांना 225 लिटरची फ्रेंच पिंपं हवी होती. ला मोर्राच्या एलिओ आल्तारे यांनी 1983 मध्ये तळघरातली जुनी पिंपं चक्क यांत्रिक करवतीनं कापली. वडिलांनी त्यांचा वारसाहक्कच काढून घेतला. आज अनेकजण पुन्हा मोठ्या पिंपांकडे वळलेत, हे ऐकून त्या वडिलांना काय वाटलं असतं कोण जाणे.

बार्बेराचं सगळं उलट : रंग गडद, आंबटपणा भरपूर, टॅनिन नावापुरतं. 1986 मध्ये स्वस्त वाइनमध्ये, त्यात बार्बेराही आली, मिथेनॉल मिसळल्यानं वीसहून अधिक माणसं दगावली आणि बार्बेराची पत पार घसरली. तिला सावरायला कामी आला तो जाकोमो बोलोन्या यांचा प्रयोग. आस्तीजवळच्या रोक्केत्ता तानारोत त्यांनी 1982 ची बार्बेरा लहान पिंपांत मुरवली होती. बारोलोच्या घरांत भांडणं लावणारी ती पिंपं बार्बेराला छान मानवली. तिच्यात जे टॅनिन मुळातच कमी, ते लाकडानं पुरवलं. माझं विचाराल, तर मांसाच्या रश्श्याबरोबर मी बार्बेराच मागवीन; खिशालाही ती सोसते.